पाचव्याला गप्प

अमरावती
६ नोव्हेंबर २०२३

श्रीमती चतुराबाई देवमन तायडे यांस,
सप्रेम नमस्कार.

मी आरती गावंडे. अमरावतीच्या कारागृहात मानसशास्त्रज्ञ आहे आणि तिथला व्यसनमुक्तीचा वर्ग चालवते. तुमचा मुलगा प्रीतम उन्हाळ्यापासून माझ्या वर्गात आहे. वर्गातल्या प्रत्येकाच्या घरी मी एकदा तरी लिहिते, कारण पिणारा एक असतो आणि झिंगतं सगळं घर. आधी फोन केला होता. तुमची मुलगी पिंकी म्हणाली, आईला फोनवर ऐकू येत नाही, पण आई चौथी शिकली आहे, तिला पत्र लिहा.

प्रीतमची तब्येत बरी आहे. विणकामाच्या विभागात काम करतो, कुणाशी भांडत नाही. नांदगाव पेठेत कामाला असताना दारूच्या भरात एका माणसाशी धक्काबुक्की झाली आणि तो डोक्यावर पडून गेला, हे त्यानं मला पहिल्याच दिवशी सांगितलं. इथं येणारे बहुतेक जण "मी काहीच केलं नाही" पासून सुरुवात करतात, त्यामुळे मला बरं वाटलं होतं.

पण एक अडचण आहे. वर्ग सुरू करताना आम्ही एका दिवशी प्रार्थना घेतो, एका दिवशी त्रिशरण-पंचशील. मी चांदूर रेल्वेची, शेतकऱ्याच्या घरची. मला पंचशील येत नव्हतं, वर्गातल्यांसोबत म्हणून म्हणून पाठ झालं. चौथं शील खोटं न बोलण्याचं, पाचवं दारू-नशा न करण्याचं. तुमचा प्रीतम चार शीलं खणखणीत म्हणतो आणि पाचव्याला तोंड मिटून उभा राहतो. बाकी सगळे म्हणतात, हाच नाही. विचारलं तर "नाई म्हणत मॅडम" एवढंच. व्यसनमुक्तीच्या वर्गात येऊन नेमकं तेवढंच गाळायचं, याला काय म्हणावं?

त्याच्या रजेच्या अर्जावर माझा अभिप्राय मागितला होता. जो तोंडानंसुद्धा दारू सोडायला तयार नाही, त्याला घरी पाठवणं मला धोक्याचं वाटलं. "अजून मनाची तयारी नाही" असं मी लिहून दिलं. तुम्हाला वाईट वाटेल, पण लपवणं बरं नाही. हा हट्ट कुठून आला, ते ठाऊक असेल तर कळवा.

आपली,
आरती गावंडे

*

पिंपळशेंडा, ता. मूर्तिजापूर
१५ नोव्हेंबर २०२३

मॅडमले चतुराबाईचा जय भीम.

तुमचं पत्र भेटलं. अक्षर मोठं काढलं, बरं केलं. माहे डोळे बी आता कानाच्या वाटेनं चालले.

मॅडम, तुमी शिकलेल्या हा, पण माह्या पोराले तुमी उलटं वाचलं. राग नका मानू, मी अशीच बोलतो.

प्रीतमचा बाप, देवमन, विहारात पुढं बसून सबनले पंचशील सांगे. आवाज मोठा. पाचवं तं सगळ्यात जोरात. अन् तोंडाचा वास मागच्या रांगेपर्यंत. लोक मान खाली घालत, कोणी बोलत नव्हतं. प्रीतम असन सात-आठ वर्साचा. भर विहारात उभा राह्यला अन् म्हणाला, "बाबा, तुमी तं आताच पेऊन आले, मंग पाचवं कावून म्हणता?" बापानं त्याले तिथंच बदडला. घरी येऊन पोट्टा मले म्हणे, "माय, मी पेलो तं म्हणणारच नाई." मी हसली होती, मॅडम. मले वाटलं, किती शायना हाय माहा लेक.

मंग मोठा झाला, गिरणीत लागला. एका पुनवेले विहारात माह्या बाजूले उभा होता. चार म्हटले अन् पाचव्याले गप्प. तोंडाले वास नव्हता, डोळे बी साफ होते. पण मले समजलं. दुसऱ्या मायांले बाटली भेटते, वास येते, कोणी येऊन सांगते. मले माह्या पोरानं सोता सांगतलं, गप्प राहून.

पिंकीच्या लग्नाच्या साली त्यानं सोडली होती. तवा म्हणे पाचवं, वर्सभर म्हटलं. मंग एक दिवस पुन्हा गप्प. त्याच्या पुढचं तुमाले मालूम हाय.

तं तो हट्ट नाई. तो खोटं बोलत नाई, एवढंच हाय. ज्या दिवशी तो पाचवं म्हणन, त्या दिवशी समजजा का दारू गेली. अन् जे बाकीचे जोरजोरानं म्हणून राह्यले ना, त्याईचे मोजे तपासा बाप्पा एकदा.

चतुराबाई

*

अमरावती
२४ नोव्हेंबर २०२३

चतुरामावशी,
जय भीम.

मावशी म्हटलं तर चालेल ना? तुमचं पत्र वाचून मला माझा तो अभिप्राय आठवला. लाज वाटली.

तुम्ही मोज्यांचं लिहिलं ते मी थट्टा म्हणून वाचलं. चार दिवसांनी झडती झाली आणि वर्गात सगळ्यांत मोठ्या आवाजात पाचवं म्हणणाऱ्या कुलदीपच्या मोज्यात तंबाखू-सुपारीचा खर्रा सापडला. तुम्ही इथं नोकरीला या, मी घरी बसते.

प्रीतमला म्हटलं, "आईनं मला सगळं सांगितलं." तो आधी चिडला, मग हसला. त्याचं हसणं मी पहिल्यांदाच पाहिलं. मी विचारलं, "अरे, तीन वर्षं झाली तुला इथं, थेंब नाही घेतला. मग आता म्हणायला काय हरकत?" तर म्हणाला, "मॅडम, इथं भेटतच नाई, तं सोडली कायची? वावरात पीकच नाई अन् मी म्हणू का मी चोरून नेलं नाई? अजून सपनात पेतो मी. सकायी उठलो का तोंडाले पाणी सुटलेलं राह्यते. हे असं असताना कसं म्हणू?"

मावशी, मी अकोल्यात शिकले, नागपुरात शिकले. दारूच्या ओढीबद्दल इतकं सरळ मला कुणी सांगितलं नव्हतं.

त्याच्या रजेबद्दल मी दुसरा अभिप्राय लिहून दिला. पण पहिला अर्ज नामंजूर होऊन गेला होता. आता नवा अर्ज करावा लागेल, तो पुढच्या खेपेला विचारात घेतील. माझ्या एका ओळीनं त्याची दिवाळी तुमच्याकडे झाली नाही. माफ करा.

तुमची,
आरती

*

पिंपळशेंडा
२ जानेवारी २०२४

आरती पोरी,
जय भीम.

माफी कायची मांगतं? चूक समजली अन् दुरुस्त केली, झालं.

एक गोठ सांगाची हाय. पिंकीच्या नवऱ्यानं मले अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं होतं. पोटात गाठ हाय म्हणते. डॉक्टर पिंकीले बाहीर घेऊन गेला अन् हयूहयू बोलला. त्याले वाटलं बुडीले ऐकू येईन. मले कुठचं ऐकू येते! पण पिंकी आत आली तवा तिचं तोंड पायलं अन् सबन समजलं. उन्हाळा निघाला तं निघाला.

हे प्रीतमले सांगू नको. तुले माही शपथ. पिंकीले बी बजावलं हाय.

कावून ते आयक. माही एकच इच्छा राह्यली. मले त्याच्या तोंडून पाचवं ऐकाचं हाय. ऐकू येत नाई तं ओठावर पाहीन, मले ओठावरचं समजते. त्याले जर समजलं का माय मरून राह्यली, तं तो माह्यासाठी म्हणन. माह्यावर लय जीव हाय त्याचा. म्हणजे जिंदगीत पयल्यांदा खोटं बोलन, अन् ते माह्यासाठी. तसलं नको मले. तो त्याच्या टायमानं म्हणन. मी थांबतो.

बोरं वाळवून ठेवली हायेत त्याच्यासाठी. रजेवर आला का नेईन.

चतुराबाई

*

अमरावती
१० जानेवारी २०२४

चतुरामावशी,

हे बरोबर नाही. मी तुमच्याशी भांडायलाच बसले आहे.

आई आजारी असेल तर वेगळी रजा मिळते. दवाखान्याचे कागद जोडून पिंकीनं अर्ज केला, तर तो थोड्या दिवसांत तुमच्याजवळ येऊ शकतो. पाचव्याचं पाचव्यापाशी राहू द्या. तो येईल, तुमच्याजवळ बसेल, बोरं खाईल. त्याचा तो हक्क आहे, मावशी. उद्या काही झालं तर तो मला विचारेल, तुम्हाला ठाऊक होतं ना? तेव्हा मी काय सांगू?

मी तोंड मिटून बसले आहे, पण मला ते जड जात आहे. एकदा हो म्हणा.

आरती

*

पिंपळशेंडा
१९ फेब्रुवारी २०२४

आरती मॅडम,
जय भीम. मी पिंकी, प्रीतमची बहीण.

तुमचं पत्र आईनं वाचलं. तिनं नाही म्हटलं. "बिमारीच्या नावानं आला तं पाचवं बी बिमारीच्या नावानं म्हणन," तिचं हेच चालू आहे. उत्तर लिहायला घेतलं होतं तिनं, पण आता हात थरथरतो.

मॅडम, आई पंधरा दिवसांपासून काही खात नाही. भाताची पेज दिली तरी उलटून पडते. पेनानं कागदावर लिहून आम्ही तिच्याशी बोलतो. रोज सकाळी ती एकच विचारते, "अमरावतीचं पत्र आलं काय? म्हटलं काय त्यानं?" मी नाही म्हटलं का भिंतीकडे तोंड करते. शेजारच्या मैनाबाई मावशी म्हणतात, हिचा जीव त्याच एका गोष्टीत अडकला.

आईला न सांगता मी रजेचा अर्ज केला आहे. दवाखान्याचे कागद जोडले. गावात पोलीस चौकशीला येऊन गेले. आता वाट पाहणं आहे. पण आई तेवढी थांबते का नाही, मला भरोसा नाही.

भाऊ म्हणाला का हो मॅडम? आता तरी?

पिंकी

*

अमरावती
२३ फेब्रुवारी २०२४

चतुरामावशी,
जय भीम.

पिंकी, हे पत्र आईच्या हातात दे. अक्षर मोठं काढलं आहे, त्यांना स्वतःला वाचू दे.

मावशी, प्रीतमनं पाचवं म्हटलं.

परवा वर्गात पंचशील होतं. चौथं झालं आणि रोजच्यासारखी मी त्याच्याकडे पाहिलं, तर त्याचे ओठ हलत होते. आवाज जरा कापला, पण त्यानं शेवटपर्यंत म्हटलं. मी त्याच्या समोरच उभी होते. तुम्ही आजारी आहात हे त्याला अजून माहीत नाही. त्यानं आपल्या मनानं म्हटलं.

आता पेज घ्या. दोन घास तरी घ्या, मावशी.

तुमची,
आरती

*

पिंपळशेंडा
१ मार्च २०२४

आरती पोरी,

मी लिहून राह्यली. अक्षराले हसजो नको. पिंकी लिहून देतो म्हणे, मी म्हटलं सरक तिकडे, हे मलेच लिहाचं हाय.

म्हटलं ना त्यानं! मी सांगतलं होतं तुले. आवाज कापला म्हणतं, तं ते खरंच असन. पिंकीच्या लग्नाच्या साली बी पयल्या दिवशी असाच कापला होता.

मी मैनाबाईले बोलावून तुवं पत्र वाचाले लावलं. विहारात पंचशील सांगणारा भगवंत आला, त्याले दाखवलं. विहारात खीर वाटली सबनले. माह्यासमोर वाटीभर आणली, चमचाभर खाल्ली मी. गोड लागली. लय दिसानं चव लागली तोंडाले.

आता त्याले सांग का माय बिमार हाय. आता काही भेव नाई. त्यानं त्याच्या मनानं म्हटलं, आता माह्यासाठी खोटं बोलाचं कामच राह्यलं नाई. त्याले पाठव. लवकर पाठव. एक डाव माह्यासमोर म्हण म्हणा, मी ओठ पाहीन.

तुवं भलं हो. तू माह्या लेकाले वाचवलं.

चतुराबाई

*

पिंपळशेंडा
२० मार्च २०२४

आरती मॅडम,

आई १४ तारखेला गेली. रजेचा हुकूम दुसऱ्या दिवशी निघाला, तोवर सगळं आटोपलं होतं. अंत्यविधीसाठी भावाला पोलीस बंदोबस्तात थोड्या वेळापुरतं आणलं, ते तुम्हाला माहीत असेल. इथं काय झालं ते माहीत नसेल, म्हणून लिहिते.

गाडीतून उतरल्याबरोबर लोकांनी त्याला घेरलं. मैनाबाई मावशी त्याच्या गळ्यात पडून म्हणाल्या, "शाबास रे पोरा, माय समाधानानं गेली. पाचवं म्हटलं तू, हे ऐकून खीर वाटली तिनं." जो तो तेच. भाऊ सगळ्यांकडे पाहत राहिला. मग मला बाजूला घेऊन म्हणाला, "पिंकी, मी कधी म्हटलं?"

मी तुमचं पत्र आणून दिलं. त्यानं ते उभ्यानंच वाचलं. मला वाटलं फाडतो का काय. पण त्यानं नीट घडी केली, आईच्या उशाशी ठेवलं अन् म्हणाला, "राहू दे तिच्यापाशी." तुमचं पत्र आईसोबतच गेलं.

स्मशानात भगवंत काका पंचशील सांगत होते अन् सगळे मागून म्हणत होते. सगळ्या गावाचं लक्ष भावाच्या तोंडाकडे. पहिलं म्हटलं, दुसरं म्हटलं, तिसरं म्हटलं. चौथ्याला तो गप्प राहिला. ओठ घट्ट मिटून. अन् पाचवं आलं तसा आईच्या चेहऱ्याकडे पाहून इतक्या जोरानं म्हणाला का नाल्यापलीकडच्या लोकांनाही ऐकू गेलं असेल. बायकांना रडू कोसळलं. लोक म्हणाले, बिचारा दुःखात एक शील विसरला.

पण मी त्याची बहीण आहे. तो पंचशील विसरत नाही. जाताना पोलिसांनी गाडीत बसवलं तेव्हा मी वाळवलेली बोरं त्याच्या खिशात घातली.

मॅडम, त्यानं असं कावून केलं असन? अन् तुमचं पत्र खरं होतं का खोटं? मला सांगा. मी भांडणार नाही. आईला वाटीसमोर हसताना पाहिलं मी, तुमच्याशी भांडणं माझ्याच्यानं होणार नाही.

पिंकी

*

अमरावती
३ एप्रिल २०२४

प्रिय पिंकी,
जय भीम.

पत्र खोटं होतं. त्यानं पाचवं म्हटलं नव्हतं. त्या दिवशीही तो रोजच्यासारखा गप्पच होता. तुझं पत्र आलं, आई भिंतीकडे तोंड करते असं वाचलं आणि माझ्यानं राहवलं नाही. आईचं उत्तर आलं तेव्हा मी त्याला तिच्या आजाराचं सांगितलं. पाचव्याचं सांगायला मात्र माझी जीभ रेटली नाही. तो घरी आला की बघू, असं म्हणत दिवस काढले.

चौथ्याला तो विसरला नाही, पिंकी. चौथं म्हणजे मी खोटं बोलणार नाही. त्याच्या लगेच नंतर त्याला आईसाठी खोटं बोलायचं होतं. पाचवं म्हटलं नसतं तर सगळ्या गावासमोर आई खोटी पडली असती. म्हणून त्यानं आधी चौथं सोडलं आणि मग पाचवं म्हटलं. आई ज्याला भीत होती तेच झालं. ते मी करवलं.

तो परत आला त्या आठवड्यात मी त्याला भेटले. वाटलं होतं, तोंड फिरवेल. तो म्हणाला, "मॅडम, माय खूश होती म्हणते लोक. चांगलं झालं." मग म्हणाला, "पण तुमी मले विचाराले पाह्यजे होतं. मी तिले चिठ्ठी लिहिली असती का माय, अजून नाई होऊन राह्यलं माह्याच्यानं. तिनं ऐकलं असतं. माह्यं गप्प राहणं बी तिले ऐकू ये."

मी रडले. त्याच्यासमोरच. त्यानं खिशातून दोन बोरं काढून टेबलावर ठेवली आणि तो कामावर गेला.

या सोमवारी वर्गात पंचशील होतं. मला वाटलं होतं, एकदा म्हटलं आहे तर आता म्हणत जाईल. पहिली तीन सगळ्यांसोबत मीही म्हटली. चौथं आलं. प्रीतमनं ते खणखणीत म्हटलं. मी गप्प राहिले. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं. मग पाचवं आलं आणि तो गप्प राहिला.

आरती